सुपातली जर्सी

बेंगळूर, जानेवारी १९६२

तीर्थरूप सकवारअक्कांच्या पायांशी धाकट्या मालोजीचा नमस्कार. गुडघा सुजलेला असल्यामुळे तो अर्धाच वाकून केला आहे. उरलेला अर्धा सूज उतरल्यावर वेगळा पाठवीन. संडूरला आपण, दाजीसाहेब आणि सासूबाई बरे आहात ना? सासूबाईंच्या कंबरेला मी पाठवलेलं तेल लागू पडलं का? (पडलं नसेल तर ते त्यांनी प्यायलं तर नाही ना, हे एकदा बघा. बाटलीवर मी काही लिहिलं नव्हतं.) इकडे विठोजीअण्णांचं पित्त, चंद्रावहिनींचा राग आणि माझा गुडघा ही तिन्ही थंडीत वर येतात, तशी यंदाही आलेली आहेत. संक्रांतीचं एळ्ळू वहिनींनी स्वतः तीळ भाजून, खोबरं-गूळ कातरून केलं आहे. ते वेगळ्या पुडक्यानं निघालं आहे. ते आधी पोचलं तर बरं, कारण हे पत्र तोंडात काहीतरी गोड असताना वाचलेलं चांगलं.

तुमचं पत्र मिळालं. नीला तेरा वर्षांची झाली, शाळा शिकली तेवढी पुरे, संक्रांत झाली की तिला संडूरला पाठवून द्या, माझ्या हाताखाली घरकामाला वळण लागेल, पुढचं पुढे बघू, असं तुम्ही लिहिलंत. विठोजीअण्णांनी ते आम्हा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, घडी घातली आणि देवघरात कुलस्वामिनीच्या टाकाखाली ठेवलं. देवघरात ठेवलेल्या कागदाशी वाद घालता येत नाही. नीलानं तर तो घातलाच नाही. ती उठून मागच्या अंगणात गेली आणि भिंतीवर फुटबॉल मारत बसली. पानं मांडेपर्यंत तो आवाज येत होता. अण्णा प्रत्येक आवाजाला डोळे मिटत होते, पण तिला हाक मारायला कुणी उठलं नाही.

मी तिचा चिक्कप्पा, म्हणजे बापाचा, विठोजीअण्णांचा, धाकटा भाऊ, आणि तिच्या शाळेचा ड्रिलमास्तरही. या दोन्ही नात्यांनी गौरीपासून इकडे काय काय घडलं ते तुम्हाला कळवणं मला भाग आहे. पत्रात विनंती काहीही नाही. नुसती हकीकत आहे.

यंदाच्या गौरीला तुम्ही येऊ शकला नाहीत, तिथून सगळं सुरू झालं. आपल्या घराण्याचं बागिन केरेला, म्हणजे तळ्याला, जातं ही रीत तुम्हाला मी काय सांगणार? पण लिहिल्याशिवाय पुढचं नीट लागणार नाही, म्हणून लिहितो. सुपात खण, हिरव्या बांगड्या, हळद-कुंकू आणि धान्य घालायचं, वरून दुसरं सूप झाकायचं आणि घरातल्या थोरल्या मुलीनं एकटीनं तळ्याच्या बांधावरच्या त्या दगडापाशी नेऊन ठेवायचं. ठेवताना तळ्यातल्या तिचं नाव घ्यायचं. ते नाव थोरली मुलगी पुढच्या पिढीतल्या थोरलीच्या कानात सांगते, आम्हा पुरुषांना ते कधीच कळलेलं नाही. आपले पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि तळ्याचा बांध बांधू लागले, पण दर पावसाळ्यात तो फुटायचा, आणि मग घरातली एक मुलगी पाण्यात गेली आणि बांध टिकला, एवढंच आम्हाला ठाऊक. तिनं उडी घेतली, तिचा पाय घसरला, की तिला दिली, याबद्दल आपल्या घरातले पुरुष तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि बायका एकही सांगत नाहीत.

तळं सरकारनं आटवलं त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याचं मैदान झालं आणि ते आमच्या शाळेला मिळालं. बांधाचा एक तुकडा आणि तो दगड तेवढा राहिला, आणि त्याच्या बरोबर पुढे आमचा एक गोल आहे. (निलगिरीचे दोन उभे वासे आणि एक आडवा. जाळं मंजूर झालेलं आहे, आलेलं नाही.) म्हणजे पाणी गेलं तरी बागिन चालूच राहिलं, फक्त ते आता फुटबॉलच्या गोलामागे ठेवलं जातं. यात मला किंवा कुणालाच कधी विचित्र वाटलं नाही. तुम्ही सूप घेऊन यायचात तेव्हा मी मुलांना मैदानाच्या रस्त्याकडच्या टोकाला पळवून न्यायचो, एवढीच माझी सेवा.

यंदा सूप नीलाच्या हातात दिलं. तिनं नाव विचारलं. ते एकट्या तुम्हाला ठाऊक, आणि तुम्ही संडूरला. अण्णा म्हणाले, नुसतं अम्मा म्हण, चालतं. ती गेली आणि आली. दुसऱ्या दिवशी वहिनींना तांदळाच्या डब्यात खण आणि बांगड्या सापडल्या. मग सुपात काय गेलं? तर माझी जुनी निळी जर्सी. वहिनी कपाळाला हात लावून खालीच बसल्या. नीला शांतपणे म्हणाली, "नाव कुणालाच ठाऊक नाही. मग तिला काय हवं असेल, त्याचा तरी विचार करायला नको? बांगड्या घालून बॉल धरता येतो का, चिक्कप्पा?" मी म्हटलं, तिला बॉल धरायचाय हे तुला कुणी सांगितलं. तर म्हणाली, "नाहीतर इतकी वर्षं गोलामागे बसून ती काय बघतेय?"

मी जाऊन तांदळाच्या डब्याला झाकण लावलं.

त्यानंतर बांधाकडच्या गोलात बॉल जाईनासा झाला. सकाळी सरावाच्या वेळी मैदानावर धुकं असतं, हे तुम्हाला आठवत असेल. तळं गेलं तरी धुकं अजून तळ्याच्या आकाराचंच पडतं, कडेपर्यंत येतं आणि थांबतं. त्या धुक्यात मुलं बॉल मारायची, बॉल सुसाट जायचा आणि रेषेवर जाऊन थांबायचा. अडून नव्हे, कुणी दोन्ही हातांनी झेलून अलगद खाली ठेवावा तसा. उचलायला गेलं तर चामडं ओलं आणि थंडगार. मी मुलांना दवाचा परिणाम, चामड्याचं वजन, जमिनीचा उतार असं शास्त्र समजावून सांगितलं. शास्त्र चांगलं होतं, फक्त रस्त्याकडच्या गोलाला ते लागू पडत नव्हतं.

आमचा गोलकीपर गुंडू, नावासारखाच गोल मुलगा, त्याची सुरुवातीला चैन झाली. उभ्या उभ्या शेंगदाणे खायचा आणि शाबासकी मिळवायचा. मग एका सकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मला बाकी कुठंही उभं करा. माझ्या मागं कोणतरी असतंय आणि माझ्या आधी हात घालतंय." मी म्हटलं, गुंडू, शेंगदाणे कमी खा. तो म्हणाला, "शेंगदाणे पण संपतात सर. मी खाल्ल्यापेक्षा लवकर." त्या दिवसापासून त्या गोलात उभं राहायला एकही मुलगा तयार होईना. एरवी एकमेकांच्या नडग्या फोडणारी ही शूर मंडळी, मी बोट दाखवलं की बुटाची नाडी बांधायला खाली बसायची.

नीला कुंपणापलीकडून हे बघत होती. (आमच्या शाळेत मैदान मुलांचं. मुलींना मागचा फरशीचा चौक, आणि त्यात लेझीम, लंगडी आणि शांतता.) ती कुंपणातून आत आली, चपला काढल्या, परकर गुडघ्यापाशी खोचला आणि म्हणाली, "मी उभी राहते." आणि उभी राहिली. अक्का, मी बावीस मुलांना फुटबॉल शिकवतो, पण बॉल कुठे येणार आहे हे मारणाऱ्याच्याही आधी कळणारं मूल मी दुसरं पाहिलं नाही. भिंतीवर मारून मारून शिकली ती. त्या गोलात तिला कुणाचा त्रास झाला नाही. मधेच मागे वळून "तो तुझा" किंवा "हा माझा" असं काहीतरी म्हणायची. मी विचारायचं नाही असं ठरवलं.

पुढे आमचे हेडमास्तर शेषगिरीराव यांना हे कळलं. माणूस वाईट नाही. फेटा, बंद गळ्याचा कोट आणि छत्री या तिन्हींशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नाही, आणि माझा असा अंदाज आहे की त्यांनी स्वतःलाही पाहिलेलं नाही. ते म्हणाले, मुलीची जात, नाजूक, उद्या काही लागलं-बिगलं तर पालक मला विचारतील. नीला म्हणाली, सर, गुंडूचा दात पडला तेव्हा कुणी विचारलं होतं का. ते म्हणाले, नियमात बसत नाही. तिनं विचारलं, नियमात कुठं लिहिलंय.

"लिहिलेलं नाही, कारण ते लिहायची कुणाला गरजच वाटली नाही."

"मग गरज वाटेपर्यंत खेळू द्या ना, सर."

हे बरोबर होतं, म्हणूनच ते महागात पडलं. शेषगिरीरावांनी सगळी शाळा मैदानावर उभी केली आणि हुकूम वाचला: आजपासून या मैदानावर कोणत्याही मुलीनं पाऊल ठेवायचं नाही. जी असेल तिनं ताबडतोब बाहेर व्हावं. नीलानं चपला हातात घेतल्या आणि चालू लागली. रडली नाही. तिच्या मागचं गवत मात्र, वारा अजिबात नसताना, एकेका पावलाएवढं दबत गेलं, थेट फाटकापर्यंत. मी शिपाई परसूकडे पाहिलं. परसू आभाळाकडे पाहत होता. आभाळात काही नव्हतं.

हुकूम वाचताना "कोणत्याही मुलीनं" हे शब्द त्यांनी टाळायला हवे होते, असं माझं मत आहे. कारण तो पाळला गेला.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत ओल येऊ लागली. फाटकापासून नीलाच्या वर्गापर्यंत लहान लहान ओली पावलं, अनवाणी, फक्त आत येणारी. नीलाच्या बाकावर तिच्या शेजारची जागा मोकळी असते, ती सकाळीच भिजलेली असायची, आणि वर्गात गाळाचा, शेवाळाचा वास. गणिताचे मास्तर हजेरी घेत शेवटच्या नावापर्यंत आले की शेवटच्या नावानंतर आणखी कुणीतरी "हजर" म्हणायचं. मास्तरांनी दोन दिवस ते ऐकलं, तिसऱ्या दिवशी शेवटचं नाव घ्यायचंच सोडलं. (ते नाव एका शांत मुलीचं. ती बिचारी आठवडाभर गैरहजर लागली.) पिण्याच्या पाण्याच्या माठात कमळाचं पान निघालं, ताजं. शेषगिरीराव म्हणाले, छप्पर गळतंय. डिसेंबरात, पाऊस नसताना. बांधकाम खात्याचा माणूस बोलावला. त्यानं शिडी लावून सगळं छप्पर तपासलं, खाली उतरला, हात पुसले आणि म्हणाला की छप्पर कोरडं आहे, पाणी आहे हे खरं, पण ते छपरातून येत नाही, आणि जिथून येतं ते आमच्या खात्याकडे येत नाही.

तरीही शेषगिरीराव हटले नाहीत. अक्का, त्यांना हटवलं ते एका पोलिसानं. शेषगिरीराव राजाजीनगरच्या नव्या वस्तीत राहायला गेले आहेत आणि रोज सायकलीनं ये-जा करतात. त्या संध्याकाळी सायकल फार जड चालली होती. चढावर तर उतरून ढकलावी लागली. ती ढकलायलाही जड. चौकात पोलिसानं शिटी वाजवून थांबवलं आणि म्हणाला, "काय स्वामी, डबल सवारीला मनाई आहे ठाऊक नाही? शिकले-सवरलेले तुम्ही. त्या मगूला उतरवा आधी. पोर नखशिखांत भिजलीय आणि अंगावर नुसती एक निळी जर्सी. बाप आहात की कोण?" ही हकीकत शेषगिरीरावांनी मला पोलीस खात्याच्या दृष्टिदोषाबद्दलची तक्रार म्हणून सांगितली. पोलिसाला काय म्हणालात, असं मी विचारलं. थोडा वेळ फेटा सारखा करून ते म्हणाले, "स्वल्प पुढे उतरवतो म्हटलं." घरी पोचल्यावर त्यांच्या पत्नीनं दार उघडलं, त्यांच्या मागे पाहिलं, आत गेल्या आणि दोन टॉवेल घेऊन आल्या. दुसरा कुणासाठी, हे त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवा हुकूम निघाला. आपण नियम काळजीपूर्वक वाचले असून त्यात केवळ "खेळाडू" असा शब्द आहे, मुलगा असं कुठेही म्हटलेलं नाही, सबब मुलींना मैदानावर येण्यास हरकत नाही. (हा शोध त्यांनी स्वतः लावला, असं ते आता मनापासून मानतात. मी मानू दिलं.) पण अट घातली. दंडूकडच्या शाळेशी, म्हणजे कँटोन्मेंटातल्या त्या दांडग्या पोरांशी, आधी एक साधा सामना व्हावा. मुलगी रडली किंवा मैदान सोडून पळाली तर हुकूम मागे. टिकली तर संक्रांतीनंतरच्या ढालीच्या सामन्यात तिला घ्यायचं. आणि ढाल आली तर मुलींना मैदान कायमचं. नाही आली, तर मागचा चौक आणि लेझीम.

सामना झाला. दंडूचे खेळमास्तर जयतीर्थ हेच पंच होते. त्यांनी नीलाला पाहून मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, मुलं कमी पडली का, आमच्यातली दोन देऊ का. पूर्वार्धात नीला बांधाकडच्या गोलात होती. एकही बॉल गेला नाही. मध्यंतरात शेषगिरीराव स्वतः तिच्याकडे गेले आणि छान म्हणाले. कार्टी काय म्हणाली असेल? "सर, त्यातले निम्मे मी नाही अडवले." शेषगिरीराव घाईनं छत्रीखाली परत गेले. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.

उत्तरार्धात गोल बदलले. नीला रस्त्याकडच्या गोलात आली, आणि तिथं ती एकटी होती. बांधाकडे दंडूचा गोलकीपर उभा राहिला. आणि अक्का, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही फार मोठी चूक धरून चाललो होतो. ती बांधाकडची आमच्या बाजूची नव्हतीच. ती कुणाच्याच बाजूची नव्हती. आमच्या मुलांनी मारलेला प्रत्येक बॉल तिनं तितक्याच प्रेमानं रेषेवर झेलून ठेवला. दंडूचा गोलकीपर थोड्या वेळानं गोल सोडून वाशाला टेकून उभा राहिला. त्याला जयतीर्थांनी विचारलं तर म्हणाला, "माझं इथं काही काम नाही, सर."

शेवटी शेवटी आमच्या एकानं बॉलला हात लावला आणि पेनल्टी मिळाली. रस्त्याकडच्या गोलावर, नीलावर. त्याच वेळी कारखान्याची पाळी सुटून विठोजीअण्णा सायकलीवरून चालले होते. हातात डबा. ते कुंपणापाशी थांबले. त्यांना इथलं काही माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. परकर खोचलेली आपली मुलगी, समोर मिसरूड फुटलेला मुलगा, एवढं त्यांनी पाहिलं. मी मनात म्हटलं, मालोजी, आज रात्रीचं जेवण बाहेर. त्या मुलानं बॉल जीव खाऊन मारला. नीला डावीकडे झेपावली आणि बॉल तिच्या तोंडावर बसला. ती पडली. मग ती उठून बसली, तर नाकातून रक्त, आणि बॉल पोटाशी दोन्ही हातांनी धरलेला. ती हसत होती.

शेषगिरीरावांनी मला विचारलं, "ड्रिलमास्तर, मुलगी पडली का?" मी म्हटलं, पडली सर, पण बॉल घेऊन. त्यांनी छत्री मिटली. मग म्हणाले, "तसं असेल तर ते पडणं नव्हे." अण्णा कुंपणातून आत आले, आपला रुमाल तिच्या नाकाला लावला, डबा माझ्या हातात दिला आणि एकच शब्द म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक. त्यांच्या हिशेबानं हे व्याख्यान होतं. सामना शून्य-शून्य. दोन्ही गोल दोन मुलींनी राखले. जयतीर्थांनी त्यातल्या एकीशी हस्तांदोलन केलं, आणि जाताना बांधाच्या दिशेला वळून थोडी मान लववली. माणूस सभ्य आहे.

घरी आल्यावर अण्णा देवघरासमोर जाऊन उभे राहिले. तुमच्या पत्राकडे बघत होते. मी म्हटलं, काढू का ते. ते म्हणाले, "अक्कांनी लिहिलंय, मालोजी. त्यांचा शब्द देवापुढून मी कसा काढू?" वहिनी चुलीपाशी होत्या, त्या न वळता म्हणाल्या की ज्यांनी लिहिलं त्यांनाच पुन्हा लिहिता येतं, शाई काही संडूरला संपलेली नाही. नीला नाकात कापूस घालून झोपली होती. संक्रांत चार पावलांवर आली आहे, आणि तिच्या ट्रंकेत तिचे परकर घड्या घालून भरलेले आहेत.

असं इकडचं वर्तमान आहे. बाकी सर्व क्षेम. दाजीसाहेबांना नमस्कार, सासूबाईंना त्यांच्या कंबरेला झेपेल इतका नमस्कार. लोभ आहेच, तो नीलावर थोडा जास्त असावा.

आपला धाकटा,
मालोजी

ता. क. वर विनंती नाही असं म्हटलं आहे ते खरं आहे, कारण ती इथं खाली आहे. एक कार्ड विठोजीअण्णांना टाका. नीलाची शाळा चालू राहू द्या, एवढंच. ते कार्ड आलं की ते देवघरात जाईल आणि आधीचं पत्र आपोआप बाहेर सरकेल. टाकाखाली जागा एकाच कागदापुरती आहे, हे मी मोजून पाहिलं आहे.

आणखी एक. ढालीच्या सामन्यात बरोबरी झाली तर ढाल गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडेच, म्हणजे दंडूकडे राहते. तेव्हा बांधाकडचीनं आमच्या मुलांचे बॉल अडवून चालणार नाही. यावर नीलाचं म्हणणं असं की ती काही मुद्दाम अडवत नाही. तिला एका जागी उभी केली आणि विसरले, म्हणून ती तिथं आहे. कुणी नावानं हाक मारून "ये, पुढं ये, आमच्यात खेळ" असं म्हटलेलंच नाही. गुंडूनं आपली जागा तिच्यासाठी आनंदानं सोडली आहे. तेव्हा अक्का, नाव कळवा. आम्हा पुरुषांना ते सांगायचं नसेल तर वेगळ्या पाकिटात घालून वर नीलाचं नाव घाला, मी उघडणार नाही. संघाच्या यादीत ते नीला स्वतः लिहील. वय मात्र कळवू नका. स्पर्धा सोळा वर्षांखालच्यांची आहे, आणि ती इतकी वर्षं बारा-तेराचीच राहिली असल्यामुळे माझ्या मते ती बसते, पण समितीला हिशेब समजावणं अवघड जाईल.

शेवटचं. हे दाजीसाहेबांना वाचून दाखवू नका. काल नीला सुपातली ती भिजलेली जर्सी वाळत घालायला म्हणून बांधावर गेली होती. दगडाच्या खाली, जिथं तुमचं सूप दर वर्षी जायचं, तिथं तिला एक चिंध्यांचा चेंडू मिळाला. तो माझा आहे. मी लहान असताना तो हरवला म्हणून मी आठवडाभर रडलो होतो आणि तुम्ही मला समजावलं होतं की मांजरानं नेला असेल. वरचं कापड तुमच्या हिरव्या परकराचं आहे, काठासकट. इतक्या वर्षांत तो कुजायला हवा होता. कुजलेला नाही, उलट खेळून खेळून झिजलेला आहे आणि जागोजाग पुन्हा शिवलेला आहे. त्याला दोन हातांचे टाके आहेत. एक हात तुमचा. तुम्ही डावऱ्या, तुमचा टाका उलटा पडतो, तो मी कुठेही ओळखीन. दुसरा हात आपल्या घरातला कुणाचा नाही, निदान आत्ताच्या घरातला नाही. चेंडू माझ्या टेबलावर या कागदाशेजारी ठेवला आहे. ते दुसरे टाके अजून ओले आहेत, तेव्हा पत्राचा हा कोपरा भिजलेला दिसला तर पोस्टाला दोष देऊ नका.